चौतीस सेकंद, लाल दाढी आणि तुम्ही

शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, जाताना तोंडाला रुमाल बांधायचा असतो, हे गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला कुणी शिकवत नाही. धान घरात आलेलं असतं, बांध्या मोकळ्या असतात, तणसाचे ढीग रचून झालेले असतात आणि कुठल्यातरी गावाबाहेर पट भरलेला असतो. तुम्ही सकाळपासून दोरीला पोट लावून उभे. एका कानात लाऊडस्पीकर, दुसऱ्या कानात शेजाऱ्याचा तज्ज्ञ सल्ला, नाकात शेण, घाम आणि कढईतल्या भज्यांचं तेल. मग एक जोडी सुटते. जोडी हाकणारा धुरकरी पार पुढे झुकलेला, चाकं जमिनीला टेकतायत की नाही याची शंका यावी असा छकडा उडतो आणि तुम्ही श्वास सोडायच्या आत सगळं संपतं. त्यानंतर अख्खं मैदान घड्याळवाल्याकडे वळतं. आकडा पुकारला जातो. निम्मे लोक नाचतात, उरलेले निम्मे म्हणतात, घड्याळच चुकलं.

आवडतं ना हे? मग चला माझ्याबरोबर. पटानंतरचं आज रात्रीचं नाटक बुडालं तर बुडू द्या, खलनायक उद्याही मरणार आहे. सेकंदांचं हेच वेड लागलेल्या एका गृहस्थाकडे तुम्हाला न्यायचंय. त्याच्या गाडीला बैल नाहीत, घोडा नाही, धूरसुद्धा नाही. बेल्जियमचा माणूस, धंद्यानं इंजिनिअर, नाव कामिल जेनात्झी. दाढी लालभडक. ती लक्षात ठेवा, गर्दीत तो तिच्यावरूनच सापडेल.

पहिली अडचण प्रवासाची. साल १८९९, मार्च उतरत आलेला. गोंदिया स्टेशनावर बंगाल नागपूर रेल्वेची गाडी वाफ सोडत उभी आहे, बाहेर बैलबंड्यांची रांग आहे आणि ऊन आत्ताच फलाट तापवायला लागलंय. खिडकीपाशी बसायची चूक तुम्ही करणारच. इंजिनातून उडालेला कोळशाचा कण डोळ्यात जातो आणि नागपूरपर्यंत छळतो. नागपूरला गाडी बदला, मुंबईला उतरा, बोटीवर चढा. एडन, सुएझ, मग फ्रान्सचं मार्सेय बंदर. बोटीवरचे दिवस मी गाळतोय. समुद्र लागलेल्या माणसाचं वर्णन कुणालाही वाचायचं नसतं, आणि तुमची अब्रू राखणं माझं काम आहे. मार्सेयहून पुन्हा आगगाडी. पॅरिसला उतरता तेव्हा अंगातला सुती सदरा एकदम पातळ वाटतो. गोंदियात याच दिवसांत माणसं ओट्यावर उघडी झोपतात. इथे तुम्ही हात काखेत दाबून उभे आहात.

पॅरिसमध्ये थांबू नका. नुसता वास घेऊन पुढे सरका. हजारो घोड्यांचं शहर आहे हे. रस्ताभर लीद, तिच्यावर पाणी मारलेलं, वरून बेकरीतल्या पावाचा वास, आणि मधूनच फटफट करत जाणारी एखादी पेट्रोलची तीनचाकी, मागे निळा धूर सोडणारी. घोडे तिला बघून कान मागे टाकतात. तिच्यावरच्या साहेबाच्या चेहऱ्यावर जगाला मागे टाकल्याचं समाधान असतं. त्याला तुमच्या पटात आणून उभं केलं तर पहिल्या फेरीत बाद होईल, पण हे त्याला कोण सांगणार?

आपल्याला जायचंय आशेरला. पॅरिसच्या वायव्येला, सेन नदीच्या काठानं पसरलेला सपाट मुलूख. पोचताच तुमचं नाक आखडतं. हा शेणाचा वास नाही. शेणाशी तुमचं जुनं नातं आहे. हा शहराचा वास आहे. पॅरिसचं सांडपाणी नळांनी इथवर आणून शेतात सोडतात आणि त्यावर भाजीपाला पिकवतात. अख्ख्या युरोपला फॅशन शिकवणाऱ्या शहरानं जे जे टाकलं ते सगळं इथे, तुमच्या चपलेपासून चार हातांवर मुरतंय. आणि त्याच्या मधोमध एक सरळसोट, सपाट, रहदारी नसलेला रस्ता. वेगाच्या वेड्यांना आणखी काय पाहिजे? वाऱ्याची दिशा बदलली की बायका टोपीवरची जाळी नाकावर ओढून घेतात. पुरुष सिगार पेटवतात. तुम्ही तुमचा रुमाल काढता. आलेल्यांपैकी पूर्वतयारीनिशी आलेले तुम्ही एकटेच.

तारीख २९ एप्रिल, शनिवार. गर्दी तुमच्या गावच्या पटाइतकी नाही, पण तोरा तिप्पट. कडक कॉलर, गोल टोप्या, मेण लावून पीळ दिलेल्या मिश्या. सायकली झाडांना टेकवलेल्या. कुणी मोटारीतून आलाय आणि येताना ती दोनदा बंद पडल्याचं अभिमानानं सांगतोय. तुमच्याकडे लोक चोरून बघतात. धोतर त्यांनी यापूर्वी पाहिलेलं नाही. बघू द्या. रस्त्याच्या कडेनं चालत चला. एक किलोमीटर मोजून ठेवलेला आहे. एका टोकाला घड्याळवाले, दुसऱ्या टोकालाही घड्याळवाले. त्यांच्याकडे निरखून पाहा. तेच ते चेहरे. आपल्या अंगठ्यावर आज इतिहास अडलाय असं वाटणारे, कुणाशी न बोलणारे, दर दोन मिनिटांनी घड्याळाला चावी देणारे.

या मंडळींचं आणि जेनात्झीचं एकदा वाजलेलं आहे. याच महिन्याच्या सुरुवातीला तो ही गाडी घेऊन इथे आला होता. आला तो थेट सुटलाच. आणि जीव खाऊन किलोमीटर पार केल्यावर कळलं की घड्याळवाले अजून आपल्या जागेवर उभेच राहिले नव्हते. पुन्हा धावायचं म्हटलं तर बॅटऱ्या रिकाम्या. लाल दाढीच्या आत चेहराही तितकाच लाल झाला असणार. आपल्याकडे अशा वेळी काय झालं असतं, ते तुम्ही जाणता. इथे तो गाडी घेऊन गुपचूप परत गेला.

ती बघा गाडी. जरा गर्दीत कोपर मारा, त्याची कला तुम्हाला अवगत आहे. लांबुळकी, दोन्हीकडे निमुळती, अंगावर एकही टोक नसलेली. गोंदियाच्या माणसाला तेंदूपानाची बिडीच आठवणार, फक्त ही धातूची आहे आणि हिला चार चाकं आहेत. पत्रा साधा नाही. ॲल्युमिनियमचा हलका मिश्रधातू आहे, पार्टिनियम नावाचा. हात लावून बघा, कुणाचं लक्ष नाही. गार लागतो. चाकं लहान, त्यावर मिशलँचे हवा भरलेले टायर. आता खाली वाका, तुमच्यातला धुरकरी तसाही वाकल्याशिवाय राहणार नाही. चेन शोधताय? नाहीये. मागच्या चाकांना दोन विजेच्या मोटारी सरळ जोडलेल्या आहेत. पोटात बॅटऱ्या ठासून भरल्यात. गाडीचं वजन दीड टनाच्या जवळपास, आणि त्यातला मोठा वाटा या बॅटऱ्यांचाच. वाकलेले आहात तोवर वास घ्या. आम्लाचा. जिभेच्या मुळाशी आंबट काहीतरी चरचरतं.

उभे राहिल्यावर मात्र तुम्ही डोक्याला हात लावता. वाऱ्याला चकवायला एवढं गुळगुळीत अंग बनवलं, आणि चालवणारा बसणार कुठे? वर! कंबरेपासून वरचं सगळं धड उघड्यावर, हवेत. आपला धुरकरी वाऱ्यात छाती काढून बसत नाही. एवढा इंजिनिअर, पण ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही. बरं, चाकं आणि आसही उघडेच. माझं विचाराल तर या गाडीचं अर्धं रूप आकडेमोडीतून आलंय आणि अर्धं हौसेतून, आणि म्हणूनच ती इतकी देखणी आहे. तिचं नावही ठेवलंय: ला जमे कोंतांत. कधीच समाधान न होणारी.

समाधान का होत नाही, ते ऐका. हा एकट्याचा खेळ नाही. समोर दुसरी जोडी आहे. गास्तों द शासलू-लोबा, खानदानी काउंट, झांतो नावाच्या कारखानदाराची विजेची गाडी चालवणारा. डिसेंबर १८९८ मध्ये एका मोटारविषयक नियतकालिकानं याच रस्त्यावर वेगाची चाचणी ठेवली. काउंटनं एक किलोमीटर ५७ सेकंदांत कापला. ताशी ६३ किलोमीटर. टाळ्या झाल्या. जेनात्झी त्या दिवशी तिथे नव्हता, पण आकडा कानावर आला आणि त्यानं आव्हान दिलं. जानेवारीत दोघं समोरासमोर आले. समोरासमोर म्हणजे शेजारी शेजारी नव्हे, पाळीपाळीनं. जेनात्झी ५४ सेकंद. लाल दाढी खूश. थोड्याच वेळात काउंट सुटला आणि ५१ सेकंदांच्या जरासा पुढे थांबला, तोही मोटार जळत असताना. म्हणजे जेनात्झीचा विक्रम गरम होता तोवरच गेला. दहा दिवसांनी जेनात्झी परत आला आणि ४४.८ सेकंद लावून गेला. मार्चमध्ये काउंटनं ३८.८ केले. ताशी जवळजवळ ९३ किलोमीटर.

तीन महिन्यांच्या आत ५७ वरून ३८.८. यात अब्रू आहेच, पण पैसाही आहे. काउंटच्या मागे उभ्या असलेल्या झांतोला आपली गाडी विकायची आहे. जेनात्झीचा स्वतःचा पॅरिसमध्ये विजेच्या भाडोत्री गाड्यांचा आणि माल वाहणाऱ्या गाड्यांचा व्यवसाय आहे. जिंकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळणार. पटात नंबर मारलेल्या बैलाची किंमत दुसऱ्या दिवशी काय होते, हे तुम्हाला ठाऊक आहे, मग इथल्या साहेबांना का ठाऊक नसावं? जेनात्झीचा बाप रबराचा कारखानदार, मुलगा इंजिनिअर, वय तीस. घरचं खाऊन पिऊन सुखी होता. पण एकदा सेकंद डोक्यात शिरले की माणूस घरचा राहत नाही.

आता तो येतोय. बाजूला व्हा. आणि ऐका, लेखणी माझ्या हातात आहे तेव्हा तुम्हाला कडेला उभं कशाला करू? चढा मागे. त्याच्या पाठीमागे, पत्र्याच्या कडेला बोटं रुतवून, गुडघे दुमडून बसा. तो वळून बघणार नाही. त्याला या घडीला तुम्हीच काय, कुणीच दिसत नाही.

सुरुवातीला काहीच होत नाही, हेच भयंकर आहे. इंजिन फुरफुरत नाही, बैल खूर आपटत नाहीत. एक खटका पडतो आणि जमीन मागे सरकायला लागते. पायाखाली कुठेतरी बारीक घरघर, ती हळूहळू वर चढत जाते, गुंजन होतं, मग किणकिण, मग कानाच्या पाळीपाशी एकच तीक्ष्ण सूर. मोजलेला किलोमीटर अजून यायचाय, हा नुसता धावता प्रवेश. झाडं आधी एकेक करून जातात. मग जोड्यांनी. मग त्यांची भिंत होते.

पहिले घड्याळवाले आले, गेले. त्यांच्यातल्या एकाचा हात खाली पडताना दिसला. आता मोजा.

पाच. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहतंय. तोंड उघडू नका, वारा आत शिरला तर बाहेर येत नाही. दहा. रस्ता लांबून गुळगुळीत दिसत होता, पण ही चाकं लहान आहेत आणि प्रत्येक खडा तुमच्या माकडहाडाला आपलं नाव सांगून जातो. पुढच्या माणसाची पाठ ताठ, खांदे वर, दाढी दोन्ही बाजूंनी मागे उडतेय आणि तिची टोकं तुमच्या कपाळाला लागतायत. पंधरा. सांडपाण्याचा वास गेला. सगळेच वास गेले. वेगाला वास नसतो, फक्त आम्लाची ती चरचर उरते घशात. दर सेकंदाला जवळजवळ तीस मीटर जमीन तुमच्या खालून जातेय. इतक्या वेळात तुमच्याकडे पान तोंडात जातं, आणि चावायला सुरुवातही होत नाही. वीस. गाडी क्षणभर जमिनीवरून सुटल्यासारखी वाटते, परत टेकते, परत सुटते. ब्रेकचा विचार तुमच्या डोक्यात येतो. तो विचार करायची ही वेळ नव्हे. पंचवीस. कडेला एक घोडा पाय झाडतोय, पण त्याचं खिंकाळणं तुमच्यापर्यंत पोचत नाही, ते मागे कुठेतरी आपल्यालाच शोधत राहतं. तीस. किणकिण आता दातांत आहे. एकतीस, बत्तीस. समोर माणसांचा काळा ठिपका. ठिपक्याला टोप्या फुटतात. तेहेतीस.

चौतीस.

थांबायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. गुंजन उतरतं, झाडं परत एकेक होतात, वास परत येतात. तुमची बोटं पत्र्यावरून सुटत नाहीत, ती एकेक करून सोडवावी लागतात. माणसं धावत येतात. घड्याळवाले सर्वांत शेवटी येतात, चालत, आकडा लपवत. ३४ सेकंद. ताशी १०५.८८ किलोमीटर. मोटारीत बसून शंभराच्या पलीकडे गेलेला जगातला पहिला माणूस तुमच्या समोर उभा आहे आणि त्याच्या मिशीत एक किडा चिकटलाय. तो तुम्ही काढू नका. त्याचा हात हलवायला रांग लागलीय, तुमचा नंबर येईल. फुलांनी मढवलेल्या त्याच गाडीवर बसलेला त्याचा फोटो आजही बघायला मिळतो. बैलांच्या शिंगांना बेगड आणि गळ्यात हार घालून मिरवणूक काढणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

काउंटनं याला उत्तर दिलं नाही. विक्रम तीन वर्षं टिकला, मग १९०२ मध्ये लेओं सर्पोले नावाच्या माणसानं वाफेच्या गाडीत बसून नीसला तो मोडला, ताशी १२० च्या वर जाऊन. वीज, वाफ, पेट्रोल. कोण जिंकणार याचा तेव्हा काही नेम नव्हता. लोकांनी पुढे पेट्रोलवर पैसे लावले, आणि जेनात्झीही त्यांच्यातच गेला. गोंदियाच्या रस्त्यांवर आज ई-रिक्षा आवाज न करता मागून येते आणि तुम्ही दचकून शिवी हासडता, तेव्हा त्या शिवीवर पहिला हक्क या लाल दाढीवाल्याचा आहे.

पेट्रोलच्या काळातला जेनात्झी बघायचा असेल तर आयर्लंडला चला, अथाय गावाच्या पंचक्रोशीत. २ जुलै १९०३. गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत. इंग्लंडातल्या रस्त्यांवर शर्यतीला मनाई, म्हणून ती इकडे आयर्लंडात भरवलीय आणि त्यासाठी वेगळा कायदा करून घेतलाय. गावकऱ्यांनी मोटार कधी पाहिलेली नाही आणि आज एकदम डझनभर, त्याही अशा, की कोंबड्या आठवडाभर अंडी घालणार नाहीत. चुलीत जळणाऱ्या मातकट इंधनाचा वास, ओलं गवत, आणि त्यावर जळक्या तेलाचा थर.

जेनात्झीकडे आहे ती मर्सिडीज, आणि ती उसनी आहे. कारखान्यानं शर्यतीसाठी केलेल्या ९० अश्वशक्तीच्या गाड्या जूनमध्ये जर्मनीतल्या कारखान्याला लागलेल्या आगीत खाक झाल्या. मग गिऱ्हाइकांना विकलेल्या ६० अश्वशक्तीच्या गाड्या परत मागून आणल्या. ही एका अमेरिकन श्रीमंताची, डिन्समोर त्याचं नाव. लग्नाला शेजाऱ्याची बंडी मागून न्यावी आणि वरात तिच्यावरूनच गाजावी, असं काहीसं आज होणार आहे.

या खेपेला तुम्ही पाहुणे नाही, कामाला आहात. शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी मेकॅनिक बसतो. बसतो म्हणजे लटकतो. हातपंपानं तेल मारत राहायचं, मागून कोण येतंय ते वळून बघायचं, टायर फुटला की उडी मारून तो बदलायचा, आणि वळणावर अंग बाहेर टाकून गाडीला जमिनीवर धरून ठेवायचं. इथे चौतीस सेकंदांत सुटका नाही. सव्वापाचशेच्या आसपास किलोमीटर, साडेसहा तासांहून जास्त वेळ. पहिल्या तासात मजा येते. दुसऱ्या तासात तोंडात धूळ आणि तेल यांचं मळण तयार होतं, दातांवर करकरतं. तिसऱ्या तासात ढुंगणाची जाणीव जाते. त्यानंतर तुम्ही फक्त एक हात असता, पंप मारणारा. इंजिन इतकं गरजतं की ओरडलेलं ऐकू येत नाही, तो कोपर मारतो, तुम्ही समजून घेता. आणि तो चालवतो कसा? वळण आलं की तुमचा जीव आधीच वळून घेतो, गाडी मागाहून वळते. दाढी धुळीनं लालची तपकिरी झालीय, डोळे चष्म्याआड. लोकांनी त्याला तांबडा सैतान म्हटलं ते उगाच नाही. फ्रेंच मंडळी मागून जिवापाड रेटतात, पण चषक हा नेतो. ताशी सरासरी ७९ किलोमीटर. तुम्ही उतरता आणि पाय जमिनीला ओळख देत नाहीत.

मला विचाराल तर शूर म्हणून त्याचं कौतुक करताना हात जरा आखडावा. त्याच वर्षी मे महिन्यात पॅरिस ते माद्रिद शर्यत निघाली होती. जेनात्झीही तिच्यात होता. चालक मेले, मेकॅनिक मेले, कडेला बघायला आलेली माणसंही मेली, आणि शर्यत बोर्दोला थांबवावी लागली. पटातही बैल उधळून गर्दीत शिरतो तेव्हा जखमी होतो तो दोरीला पोट लावून उभा असलेला माणूस. ज्याचं नाव विक्रमात येणार नसतं, तो. शौक एकाचा, आणि हाडं भलत्याचीच, हा हिशेब दोन्हीकडे तेव्हाही होता आणि आताही आहे.

जेनात्झी मात्र रस्त्यावर मेला नाही. पुढे शर्यती मागे पडल्या. तो ब्रसेल्सला रबराच्या, टायरच्या धंद्यात रमला, वजनदार झाला, चार मित्र जमवून शिकारीला जाऊ लागला. आणि आता तुम्हाला शेवटचं एक ठिकाण दाखवतो. डिसेंबर १९१३, बेल्जियमचं आर्देनचं जंगल, आबे-ला-नव्ह गावाजवळ. हिवाळ्याची रात्र. आत मित्र बसलेत. भाजलेल्या मांसाचा, ओल्या कुत्र्यांचा आणि तंबाखूचा वास. बंदुका भिंतीला टेकवलेल्या. जेनात्झीला मस्करी सुचते. तो हळूच बाहेर सटकतो, झुडपामागे बसतो आणि रानडुकराचा आवाज काढतो.

तुम्ही नवेगावबांधकडचे असा नाही तर सालेकशाकडचे, धान भरात आलं की मचाणावर रात्री काढलेल्या आहेत. रानडुकराचा आवाज तुम्हाला झोपेतही कळतो. त्या आवाजाला माणूस काय करतो, तेही ठाऊक आहे. म्हणून आतल्या सगळ्यांत तुम्हीच एकटे दाराकडे धावता, पण त्याआधीच आल्फ्रेड मादू खिडकीपाशी पोचलेला असतो. वर्तमानपत्राचा संचालक, जुना मित्र, नेम चांगला. सोंग इतकं हुबेहूब वठलं होतं की त्याला शंका घ्यायला जागाच नव्हती.

गोळी लागलेल्या जेनात्झीला उचलून मोटारीत घालतात. मर्सिडीज आहे. आपल्याला मरण येईल ते मर्सिडीजमध्येच, असं तो पूर्वी म्हणायचा, असं सांगतात. शर्यतीबद्दल बोलत असणार तो. रक्त थांबत नाही. इस्पितळ लांब आहे, रस्ता जंगलाचा, वळणांचा. तुम्ही पुढच्या माणसाच्या खांद्यावर बुक्की मारून ओरडता, "दाब ना बाप्पा, काहून हळू चालवतोस!" पण त्याला मराठी येत नाही, आणि ज्याला असं चालवता आलं असतं तो मागे आडवा पडलाय.